कठड्यावरची लाल चादर

९ फेब्रुवारी, सकाळ

चिरंजीव शेपटास अनेक आशीर्वाद.

साठीला टेकलेल्या माणसाला शेपूट म्हणू नये, एवढं मला कळतं. पण तू सारखा माझ्या मागे मागे हिंडायचास म्हणून आईने ठेवलेलं नाव आहे ते. बदलण्याचा अधिकार ती कुणाला देऊन गेलेली नाही. इकडे सगळं ठीक. गुडघे सोडले तर मी ठीक, न्हाणीघरातला नळ सोडला तर घर ठीक. ऊन कडक पडलंय. सकाळी कपाट उघडलं तर चादरींना कुबट वास येत होता, म्हणून सगळ्या उन्हात टाकल्या आणि मग तुला लिहायला बसलो.

तुझा निरोप वाचला आणि पहिल्यांदा कानात काय वाजलं, सांगू? खट्. खाडीच्या टोकावरच्या अण्णांच्या दुर्बिणीची झडप पडायची तो आवाज. नाणं टाकलं की झडप उघडायची, मग आत घड्याळ गिळल्यासारखी टिकटिक सुरू व्हायची आणि बघणारा ऐन रंगात आला की खट्. पुढे काळोख. तू अगदी लहान असताना त्या काळोखाला घाबरून अण्णांच्या पायाला मिठी मारायचास आणि विचारायचास, समुद्र गेला का? अण्णा म्हणायचे, समुद्र कुठे जातोय, वेळ संपली. दुसऱ्या कुणाला या वाक्यावर कविता सुचली असती. अण्णांनी काच पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

तुझा निरोप मी खालच्या शिंपीणबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, काका, अंगठ्याने तिथल्या तिथे उत्तर द्या की. मी म्हटलं, अंगठा उठवायचा असतो, पत्र लिहायचं असतं. त्या हसल्या. त्यांना वाटतं मी जुन्या वळणाचा आहे. खरं म्हणजे मला इतकं सांगायचं आहे की अंगठा पुरणार नाही.

तू लिहितोस, 'दादा, पुढच्या महिन्यात आम्ही तिघं चार दिवस तिकडे येतोय. हॉटेल घेतलंय, तुला उगाच त्रास नको. बघण्यासारखं काय काय आहे ते कळव.' आणि शेवटी गॉगल लावलेला एक पिवळा सूर्य. सूर्याला गॉगल कशाला, हा विचार मी बराच वेळ करत बसलो. ज्याच्यामुळे दुसऱ्यांनी डोळे झाकायचे, त्यानेच डोळे झाकलेत.

असो. बघण्यासारखं पुष्कळ आहे. ऊन तर आमच्याकडे उतू जातं.

दीपगृह बघा. आता त्याला पांढरे-निळे पट्टे मारलेत आणि आत लिफ्ट बसवली आहे. आपण ज्या गोल जिन्यावरून धापा टाकत, मास्तरांनी चालीवर शिकवलेल्या कविता एकेका पायरीला एकेक चरण करत चढायचो, तो जिना साखळी लावून बंद केलाय. वर वारा फार असतो. मुलीला म्हणावं टोपी धरून ठेव.

मत्स्यालय बघा. मोठं कासव अजून आहे. तू काचेवर टकटक करून त्याला त्रास द्यायचास आणि ते मान आत ओढून घ्यायचं. परवा गेलो तेव्हा काचेजवळ उभा राहिलो, तर त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे नीट बघून घेतलं. ओळख ठेवायला मेंदू मोठा लागत नाही, असं दिसतं.

काचेच्या तळाच्या होडीत बसू नका. तळाला इतके ओरखडे पडलेत की खालचा समुद्र म्हणजे कुणाच्या तरी जुन्या चष्म्यातून पाहिल्यासारखा वाटतो. नावाडी म्हणतो, ते बघा प्रवाळ. ती गोणपाटाची चिंधी असते. पण तो इतक्या भक्तिभावाने सांगतो की लोक तिचेसुद्धा फोटो काढतात.

आपली शाळा आता हॉटेल आहे. हे तुला ठाऊक असेलच म्हणा. कवितेचा तास व्हायचा त्या वर्गात सकाळची न्याहारी मांडतात. फळ्याच्या जागी मोठा आरसा आहे. मी एकदा उगाच आत शिरलो. दरवाज्यावरच्या पोऱ्याने विचारलं, आजोबा, खोली नंबर? मी म्हटलं, सातवी ब. त्याने मला अदबीने बाहेरची वाट दाखवली. मास्तर याच खोलीत डोळे मिटून समुद्रावरची कविता म्हणायचे. खिडकीबाहेर खरा समुद्र असायचा आणि आमच्यातला एकही जण तिकडे बघायचा नाही. समुद्र कवितेतच जास्त निळा होता.

त्याच नादात मीही पुढे चार ओळी जुळवल्या होत्या, तुला आठवतं? अण्णांच्या मागून दुर्बीण माझ्या हाती आली तेव्हा खांबाला पाटी लावली होती. मास्तरांच्या आवडत्या अनुष्टुभात:

दूर ते जवळी येई, जवळीचे दुरावते
काचेचा खेळ हा सारा, डोळा एक मिटा पुरे

नगरपालिकेने पाटी काढून टाकली. नियमात बसत नव्हती. तुझी वहिनी म्हणाली, बरं झालं, छंद जमला होता पण गिऱ्हाईक पळत होतं. तिच्या टोमण्यालाही ठेका असायचा.

आता टोकावरची दुर्बीण. माहितीपत्रकात तिला एकच ओळ दिली आहे, 'खाडीचे विहंगम दृश्य'. विहंगम कसलं डोंबलाचं. विहंग तिकडे फिरकत नाहीत, आईस्क्रीमवाल्याच्या भोंग्याने उडून जातात. पण तू मुलीला तिथे नेशील तर आधी दुर्बीण खाडीवरून पलीकडच्या टेकडीकडे फिरव. तिसरी ओळ, कोपऱ्यातली गॅलरी. कधीकाळी हिरवा असलेला कठडा. ते आपलं घर. तुझ्या निरोपात बघण्याच्या ठिकाणांत त्याचा उल्लेख नव्हता म्हणून आठवण केली.

मुलीला बापाच्या घरची रीत सांगितली आहेस की नाही, कोण जाणे. अण्णा दिवसभर टोकावर, घर समोरच्या टेकडीवर, मधे खाडी. हाक ऐकू जाणार नाही आणि वळसा घालून जायचं म्हणजे दमछाक. तेव्हा आईने कठड्यावर कापडं टाकायला सुरुवात केली. पांढरं म्हणजे जेवायला या. पिवळं म्हणजे पाहुणे आलेत, शर्टाची बटणं लावून या. लाल म्हणजे हातातलं टाकून या. अण्णा अधूनमधून दुर्बीण घराकडे फिरवायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा काच तपासतोय.

आई गेली आणि तुझी वहिनी या घरात आली तेव्हा तू दुसरीत होतास. तिने आल्या आल्या दोन गोष्टी शिकून घेतल्या. तुझा भांग कुठून पाडायचा आणि कापडं कशी टाकायची. एक नियम तिने स्वतःचा घातला, तो मात्र कडक. धुतलेलं ते दोरीवर, खुणेचं ते कठड्यावर. दोरीवर लाल असलं तरी घाबरायचं नाही, कठड्यावर असलं तर विचार करायचा नाही.

तिने लाल कापड पहिल्यांदा टाकलं ते तुझ्यासाठी. तापात तुझे डोळे फिरले होते आणि दातखीळ बसली होती. माहेरून आणलेली तिची एकुलती एक चांगली चादर लालभडक होती. ती तिने पलंगावरून ओढून काढली आणि कठड्यावर फेकली. अण्णा दुर्बिणीशी गिऱ्हाईक तसंच सोडून पळाले आणि वाटेत डॉक्टरांना अक्षरशः सायकलवरून खेचून घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मला बोलावायची गरज राहिली नसती. ती चादर नंतर आपल्या घरात देवासारखी जपली गेली. तिच्यावर कुणी झोपलं नाही.

पुढे तू शिकलास, मोठा झालास, लांबच्या शहरात गेलास. त्यात वावगं काही नाही. शेपटाने कधीतरी सुटायचंच असतं. पत्रांचे फोन झाले, फोनचे निरोप झाले. वहिनी म्हणायची, कामाच्या रगाड्यात असेल. तुझ्याबद्दल वाईट बोललेलं तिला खपायचं नाही. माझं तोंड उघडलं की ती पोळपाट आपटायची.

बघण्यासारखं सांगता सांगता भरकटलो. शाळामास्तर होण्याच्या लायकीचा माणूस दुर्बीणवाला झाला की असंच होतं. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांच्या ओळीबद्दल लिहायचं राहिलं. त्यातलं मधलं, पिवळ्या छत्र्यांच्या गच्चीचं, ते चांगलं आहे म्हणतात. तिथे उंच पेल्यातून आईस्क्रीम देतात. वर लाल चेरी ठेवतात.

पण ते मी तुला काय सांगणार?

इथे मी पेन ठेवलं, उठलो, पाणी प्यालो, गॅलरीत जाऊन आलो. तीन हिवाळे हे मनात ठेवलं आहे. अजून एक ठेवता आला असता. पण तू विचारलंस ना, काय काय बघण्यासारखं आहे. मग मी काय पाहिलं तेही ऐक.

वहिनीचं दुखणं तुला ठाऊक होतं. फोनवर मीच सांगितलं होतं की छातीत पाणी झालंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, ती तुझं नाव घेते, एकदा येऊन जा. तू म्हणालास, 'ऑडिट चालू आहे दादा, खुर्ची सोडता येत नाही.' मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, त्याला बिचाऱ्याला ओढू नका. मग थोड्या वेळाने म्हणाली, माझी लाल चादर टाका कठड्यावर. मी म्हटलं, अगं तो कुठे आहे, कापड कुठे टाकतेस. तर म्हणते, तुम्ही टाका तर. एवढ्या वर्षांत लाल टाकलं आणि कुणी आलं नाही, असं झालंय का कधी?

मी टाकली. मरणाऱ्या माणसाशी वाद घालायला छातीत दगड लागतो. तो माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंना तिच्याजवळ बसवून मी टोकावर गेलो. खारट वाऱ्याने काच आंधळी होते, दोन दिवस पुसली नाही तर लोक तक्रार करतात. काच पुसली, नाणं टाकलं, दुर्बीण घराकडे वळवली. चादर होती. उन्हात नुसती पेटली होती. जन्मात इतकं लाल काही पाहिलं नाही. मग सवयीने दुर्बीण किनाऱ्यावरून फिरवली. पिवळ्या छत्र्या दिसल्या. एका छत्रीखाली चारपाच पुरुष हसत होते. त्यातला एक उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान खाजवत होता.

असा कान खाजवणारा माणूस जगात एकच आहे. वहिनीने त्याबद्दल तुला पट्टीने मारलंसुद्धा होतं.

मला आधी आनंद झाला, हे लिहून ठेवतो. तिच्या चादरीने काम केलं, असंच वाटलं. आला, म्हटलं. सामान हॉटेलात टाकलं असेल, आता चढेल वर. मी तुला भिंगात धरून ठेवलं. तू हसता हसता टेकडीकडे बघितलंस. हात कपाळावर धरलास. एवढ्या लांबून माझ्या डोळ्याला तुझ्या भुवया दिसत होत्या. त्या एकदम जवळ आल्या. तू बघत राहिलास.

मग तू उठलास. मी म्हटलं, निघाला.

तू खुर्ची फिरवलीस. पेला हातात धरूनच, एका हाताने. आईस्क्रीम सांडू दिलं नाहीस. टेकडीकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसलास.

आणि खट्.

झडप पडली. किल्ली माझ्या खिशात होती, दुसऱ्या नाण्याचीही गरज नव्हती. पुन्हा उघडता आलं असतं. उघडली नाही. नंतर कितीदा वाटलं, उघडायला हवी होती. पुढच्या क्षणी तू परत वळलाही असशील. पण तू घरी आला नाहीस, म्हणजे वळला असलास तरी परत फिरून बसला असशील.

त्यानंतर मी तुझी वकिली पुष्कळ केली. म्हटलं, चादर धुऊन वाळत टाकली असेल, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. पण ती दोरीवर नव्हती. फरक तुला कळतो. म्हटलं, साहेबाबरोबर आला असेल, सोडून येता आलं नसेल. म्हटलं, मरण बघवत नसेल त्याला. हे शेवटचं मला थोडं पटतंसुद्धा. मला तरी कुठे बघवत होतं? पण मला फिरवायला खुर्ची नव्हती. घर एवढंसं, जिकडे तोंड करावं तिकडे ती.

घरी गेलो तर तिने विचारलं, 'अहो, दिसली असेल का त्याला?' मी म्हटलं, तो काय समोर बसलाय का दिसायला? ती हसली, म्हणाली, खरंच की, मी पण वेडीच. त्याच आठवड्यात गेली. हसली होती ते माझ्या थापेला, एवढं मला पुरतं. तू फोनवर रडलास मात्र छान. सुरात रडलास. मी ऐकत होतो आणि मनात पाटीवरची ओळ चालली होती. डोळा एक मिटा पुरे. तुला दोन्ही मिटावे लागले.

चादर मी घडी करून तळाशी ठेवली होती. आज सगळ्या चादरी काढल्या तेव्हा ती पण निघाली. दोरी भरली होती म्हणून तिला कठड्यावर टाकली. दोरी भरली होती म्हणूनच, असं मी स्वतःला सांगतोय. या वयात माणसाला स्वतःच्या हातांचंही सगळं कळत नाही. कुणी बघणारं नाही आता. टोकावर नवा माणूस आहे, तो काच पुसत नाही, फोनवर सिनेमे बघतो.

तर असं आहे. दीपगृह, मत्स्यालय, शाळेचं हॉटेल. होडी टाळा. ऊन फार लागतं, मुलीला

बेल वाजली. शिंपीणबाई असतील, सुई ओवून घ्यायला. त्यांचे डोळे माझ्याहून अधू. आलोच.

शिंपीणबाई नव्हत्या.

दारात एक मुलगी होती. विशी ओलांडलेली, चपला हातात, श्वास जागेवर नाही, कपाळावर केस चिकटलेले. माझ्याकडे बघितलं आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन तिने डावा कान खाजवला. मला कुणी नाव सांगायची गरज उरली नाही.

'मोठे काका ना?' ती म्हणाली. 'लाल दिसलं. कठड्यावर होतं, दोरीवर नव्हतं, मी नीट बघितलं.'

मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ती आता माझ्यासमोर बसून पाणी पिते आहे आणि मी तिला म्हटलंय की दोन ओळी पुऱ्या करतो. मत्स्यालयात नोकरी निघाली आहे, तिची मुलाखत आज दुपारी आहे. होईल की नाही ठाऊक नाही म्हणून तुम्हा दोघांना न सांगता आली, असं म्हणते. वेळ होता म्हणून आधी टोकावर गेली, कारण लहानपणी तू तिला झोपवताना गोष्ट सांगायचास ती याच घराची. पांढरं, पिवळं, लाल. वहिनीचा नियमसुद्धा तिला तोंडपाठ आहे. आईस्क्रीम घेतलं होतं, ते तिथेच रस्त्यावर टाकलं आणि टेकडी पळत चढली. मुलाखतीचे कपडे आहेत अंगावर. बाहीवर डाग पडलाय.

म्हणजे तू विसरला नव्हतास. रोज रात्री तू ते कुणाला तरी शिकवत होतास. हे कळल्यावर मला राग यावा की काय यावं, मला कळेना.

पण तिने आता जे विचारलं, त्यावर काय लिहू? पेला खाली ठेवला, आतल्या खोलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, 'काकूंना काय झालंय? डॉक्टरांना बोलावलंत का?'

तू तिला सांगितलेलंच नाहीस. तीन हिवाळे झाले. तुझ्या घरात तुझी वहिनी अजून जिवंत आहे.

ती उठली आहे. आतल्या खोलीच्या दाराशी गेली आहे, पाय न वाजवता, आजारी माणसाच्या खोलीत जातात तशी. हे पत्र इथे थांबवतो, कारण उत्तर आता तिला द्यायचं आहे. कुठपर्यंत द्यायचं, ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवीन. तिच्या वाट्याचं सांगेन. तुझ्या वाट्याचं तू येऊन सांग.

चादर मी काढत नाही. तू येशील तेव्हाही ती कठड्यावरच असेल. पिवळ्या छत्र्यांखालून ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, दुर्बीण लागत नाही. खुर्ची कुठे तोंड करून मांडायची ते तुझं तू बघ.

बघण्यासारखं इथे एवढंच आहे.

दार उघडं ठेवून,
तुझा दादा